गावंडे ग्रेडरची मिशी

अनंतराव गावंडे यांच्या कानांवर केस होते. असतात पुष्कळांच्या, पण अनंतरावांच्या कानांवरचे केस हा कळंबच्या आसपासच्या कापूसवाल्यांच्या चर्चेचा विषय होता, कारण अनंतराव खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी काट्यावर लागली की तिच्यातला कापूस चिमटीत धरायचा, अंगठ्याने आणि तर्जनीने धागा ओढून पाहायचा आणि तो कुठल्या दर्जाचा ते मोठ्याने सांगायचं, हे त्यांचं काम. हंगामात दिवसभर कापसाची पिंज उडायची आणि ती थेट अनंतरावांच्या कानांवर जाऊन बसायची. संध्याकाळपर्यंत दोन्ही कान बोंडासारखे फुटलेले दिसत.

ती वर्षं कापसाला वाईट होती. एका साली अळीने खाल्लं, दुसऱ्या साली पावसाने दगा दिला, आणि या दोघांच्या तावडीतून वाचलेलं जे काही केंद्रावर यायचं त्याची रांग फाटकापासून पार हमरस्त्यापर्यंत लागायची. माणसं गाडीखाली निजायची, गाडीशेजारी तीन दगडांची चूल मांडायची आणि आपली पाळी आली की ग्रेडरच्या चिमटीकडे बघत उभी राहायची. अशा चिमटीकडे कोणी मायेने बघत नाही. त्यातून अनंतराव प्रामाणिक होते, ही लोकांची आणखी एक तक्रार होती. खाणारा माणूस निदान ऐकून तरी घेतो, असं लोक म्हणत.

आणि त्यांना मिशी होती. जाड, काळी, दोन्ही टोकांना वर वळलेली. गाडीचा दर्जा सांगून झाला की ज्या दोन बोटांनी धागा ओढला त्याच दोन बोटांनी अनंतराव मिशीच्या उजव्या टोकाला पीळ देत. पीळ दिला म्हणजे निकाल लागला. त्यावर अपील नाही. ही सवय त्यांना इतकी जडली होती की घरी भाजीवाल्याची वांगी निवडून झाली तरी हात मिशीवर जायचा. बायको इंदूबाई म्हणायची की लग्नात मंगळसूत्र घालून झाल्यावरही यांनी भर मांडवात मिशी पिळली होती.

ही मिशी त्यांना वडिलांकडून आली होती. किसनराव गावंडे वडगावला शेती बघत आणि मिशी बाळगत, दोन्ही सारख्याच निगुतीने. मात्र गेलं वर्षभर बापलेकात अबोला होता. मागच्या हंगामात किसनराव आपली गाडी घेऊन मोठ्या हौसेने लेकाच्या केंद्रावर आले. लेकाने वरचा कापूस पाहिला, मग हात कोपरापर्यंत खाली घातला, धागा ओढला, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "खालचा ओला. दुसरा दर्जा." आणि मिशीला पीळ दिला.

रांगेत कोणीतरी हसलं. किसनरावांनी बैल फिरवले, फाटकात गाडी थांबवली आणि एकच वाक्य म्हणाले, "माह्या जित्तेपणी माही गाडी ह्या फाटकात पाय ठेवनार नाही." सगळ्या रांगेने ते ऐकलं. कापूस त्यांनी मिळेल त्या भावाने खाजगी व्यापाऱ्याला घातला आणि पोळ्याला, दिवाळीला लेकाच्या घरी पाऊल टाकलं नाही. अनंतराव दोनदा वडगावला जाऊन आले. दोन्ही वेळा किसनरावांनी त्यांच्यासमोर बैलाशी गप्पा मारल्या.

अनंतरावांना हे आतून खात होतं. पण दर्जा तर बरोबरच सांगितला होता, मग माफी कशाची मागायची, हे त्यांना समजत नव्हतं.

तर गोष्ट कानांची. त्या शनिवारी संध्याकाळी रांगेतला कोणीतरी म्हणाला, "साहेबाच्या कानात इतका कापूस हाये, मंग आपलं ऐकू कसं येईन?" हे अनंतरावांना अगदी स्वच्छ ऐकू आलं. ते घरी आले, आरशासमोर उभे राहिले आणि लोकांचं म्हणणं पहिल्यांदाच त्यांना पटलं. कात्री चालवायची तर स्वतःचा कान स्वतःला दिसत नाही. न्हाव्याकडे जायचं तर त्याचं दुकान केंद्राच्या फाटकासमोरच, आणि तो केस कमी कापतो, बातम्या जास्त.

यावर उपाय त्यांच्याच न्हाणीघरात आरशामागे ठेवलेला होता. मुलगी मोनाली यवतमाळला कॉलेजात जायची. मैत्रिणीच्या लग्नासाठी तिने हातांचे केस काढायची क्रीम आणली होती. क्रीम लावायची, जरा थांबायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं की केस गायब. ब्लेड नको, दुखणं नको. आठवड्यापूर्वी हा चमत्कार अनंतरावांनी पेपर वाचल्याचं दाखवत सगळा पाहिला होता.

रविवारी केंद्र बंद. इंदूबाई चिंतामणीच्या देवळात गेली होती, मोनाली मैत्रिणीकडे. अनंतरावांनी दाराला कडी घातली. ट्यूबवर पाठीमागे बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं, पण ज्या माणसाने आयुष्यभर माल बोटांनी पारखला तो कागद कशाला वाचेल? त्यांनी थोडी क्रीम चिमटीत घेतली, चोळून पाहिली, वास घेतला. गुलाबाच्या खाली काहीतरी कुजल्यासारखा वास होता, पण पोत चांगला होता. त्यांनी ती दोन्ही कानांवर सढळ हाताने लावली. लावून झाल्यावर आरशात पाहिलं, काम बेमालूम झालं असं मनात म्हणाले, आणि मिशीला पीळ दिला.

चांगला पीळ दिला. वाट बघायची होती, दुसरं काही काम नव्हतं, म्हणून अधूनमधून पुन्हा दिला.

थोड्या वेळाने कान चुरचुरायला लागले. ते सहन करण्यासारखं नाही असं झाल्यावर त्यांनी टॉवेल ओला केला, कान पुसले आणि मग त्याच टॉवेलाने तोंडही पुसलं. कान स्वच्छ झाले होते. लाल झाले होते, पण स्वच्छ. आणि टॉवेलावर मिशीची उजवी बाजू पडलेली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं.

अनंतराव बराच वेळ टॉवेलकडे बघत उभे राहिले. डावी बाजू आपल्या जागी शाबूत होती, वर वळलेली, काहीच झालं नाही अशा थाटात. अर्धी मिशी घेऊन माणूस सरकारी कामावर जाऊ शकत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. शेवटी त्यांनी वस्तरा घेतला. बाप जिवंत असताना या जागेला वस्तरा लागत नाही, ही आपल्याकडची रीत. बाप गेला की मगच मुलगा मिशी उतरवतो. डावी बाजू उतरवताना अनंतरावांनी मनातल्या मनात वडगावच्या दिशेने हात जोडले.

इंदूबाई प्रसादाचा नारळ घेऊन आली. तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं, नारळ जमिनीवर ठेवला आणि भिंतीचा आधार घेत खाली बसली.

"मामाजी?" ती हळूच म्हणाली.

"नाही नाही. बाबा ठणठणीत हायेत."

"मंग हे?"

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. इंदूबाईने पूर्ण ऐकून घेतलं, पदर तोंडात कोंबला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडी पडल्याचे आवाज येत राहिले. मोनाली आली तेव्हा तिने ट्यूब हातात घेऊन पाठीमागची अक्षरं वाचून दाखवली, की चेहऱ्याला लावू नये. अनंतरावांनी ठासून सांगितलं की आपण ती चेहऱ्याला लावलीच नाही. मोनालीने त्यावर वाद घातला नाही, फक्त दोन्ही कानांना खोबरेल तेल लावून दिलं.

इंदूबाईचं म्हणणं एकच होतं की आत्ताच्या आत्ता वडगावला जा आणि मामाजींना स्वतःच्या तोंडाने सांगा, लोकांच्या तोंडून कळायच्या आधी. अनंतराव म्हणाले, तेच तोंड घेऊन कसा जाऊ? वर्षभर बाप बोलत नाही, आणि मी त्याच्या जित्तेपणी मिशी उतरवून त्याच्यासमोर उभा राहू? महिनाभरात उगवेल, तोवर कोणाच्या लक्षात येणार नाही. आपल्या मिशीबद्दल त्यांचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदाच इतका कमी पडला.

सोमवारी सकाळी थंडी होती आणि कान सुजलेले होते, म्हणून त्यांनी डोक्याला मफलर गच्च गुंडाळला. क्रीमची बोटं आदल्या दिवशी डोळ्यांनाही लागली होती. डोळे लालबुंद होऊन पाझरत होते. असे ते केंद्राच्या फाटकातून आत शिरले, डोकं झाकलेलं, डोळे रडून रडून सुजल्यासारखे आणि मिशी नाही.

काट्यावरचा धर्मपाल त्यांच्याबरोबर किती हंगाम काढलेला माणूस. त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, काटा थांबवला, डोक्यावरची टोपी काढली आणि जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मागे रांगेत एकेक टोपी उतरत गेली आणि शांतता हमरस्त्यापर्यंत जाऊन पोचली.

अनंतरावांना एका वाक्यात हे सगळं थांबवता आलं असतं. पण त्या वाक्यात मुलीची क्रीम येत होती, केस येत होते आणि कान येत होते, आणि ऐकायला सबंध रांग उभी होती. त्यांनी वाक्य गिळलं.

तेवढ्यात तांड्यावरचा बाबूसिंग पुढे झाला. त्याचा तांडा वडगावच्या शिवेलाच होता आणि त्याची गाडी पहिली होती. त्याने जमिनीकडे बघत, आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, काका कसे... म्हंजे, काही तसं तं नाही नं?"

त्या वर्षांत कोणी कास्तकार गेल्याचं कळलं की त्याने फवारणीचं औषध तर घेतलं नाही, हेच माणसं आधी विचारत, आणि विचारताना जमिनीकडेच बघत. तो प्रश्न ऐकून वर्षभर आपल्याशी न बोलणारा म्हातारा अनंतरावांना डोळ्यांसमोर दिसला. ते घाईघाईने म्हणाले, "नाही रे बाबा. तसं काहीच नाही."

"चांगलं झालं," बाबूसिंग म्हणाला आणि त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. मागच्यानेही सोडला. तसं काही नाही म्हणजे म्हातारा आपल्या मौतीने, सुखाने गेला, असं सगळ्यांचं समाधान झालं. आणि अनंतरावांच्या ध्यानात आलं की बाप मेल्याची कबुली आपण आत्ता स्वतःच्या तोंडाने दिली.

केंद्रप्रमुख राऊत साहेबांनी त्यांना आत बोलावून सुट्टी घ्यायला सांगितलं. अनंतराव म्हणाले, नको साहेब, रांग खोळंबेल. हे त्यांनी केवळ घरी बसून काय करायचं म्हणून म्हटलं होतं. पण चपराशाने बाहेर जाऊन सांगितलं, आणि ग्रेडर साहेब सुतकात असून कास्तकारांसाठी कामावर आले ही गोष्ट दुपारपर्यंत शेवटच्या गाडीखालच्या चुलीपर्यंत गेली. ज्या माणसाला रांग हंगामभर शिव्या घालत होती त्याला लोक पाणी आणून द्यायला लागले. दर्जा दुसरा सांगितला तरी मान डोलवायला लागले. एक म्हातारी तर म्हणाली की तिसरा लाव बाबा, तू आपल्या मनाले त्रास करून घेऊ नको.

प्रत्येकाजवळ किसनरावांची एकेक आठवण निघाली. कोणाच्या पोरीच्या लग्नात ते पंगतीला वाढायला उभे राहिले होते, कोणाचा बैल चिखलात फसला तेव्हा स्वतःची जोडी घेऊन आले होते. अनंतराव चिमटीत कापूस धरून ऐकत राहिले. यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदाच ते दर्जा सांगायच्या आधी समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेत होते. दर वेळी हात सवयीने ओठावर जायचा आणि रिकामा परत यायचा, आणि लोक समजायचे की साहेब हुंदका दाबून राहिले.

संध्याकाळी केंद्रावरची मंडळी घरी बसायला आली. आपल्याकडे मौतीच्या घरी कढई चढत नाही, आणि इंदूबाईने नेमका त्याच वेळी भज्यांचा घाणा टाकला होता. मोनालीने कढई उचलून न्हाणीघरात नेली, पण वास कुठे न्यायचा? धर्मपाल, राऊत साहेब आणि बाकीचे भिंतीला टेकून बसले. ओव्याच्या भज्यांचा खमंग वास त्यांच्यावरून फिरत राहिला.

"शेजाऱ्याईनं तरी समजाले पाह्यजे," धर्मपाल शेवटी म्हणाला, आणि सगळ्यांनी शेजारच्या भिंतीकडे रागाने पाहिलं.

इंदूबाईने नवऱ्याला आधीच बजावलं होतं की मी माझ्या सासऱ्याला मारणार नाही, एक शब्द खोटा बोलणार नाही. ती डोक्यावरून पदर घेऊन बसली. राऊत साहेबांनी सासरे स्वभावाने कसे होते असं विचारल्यावर ती म्हणाली की लय हट्टी हायेत. हे 'हायेत' ऐकून सगळ्यांना भरून आलं. बिचारीला अजून खरंच वाटत नाही. मग तिचे खांदे हलायला लागले. तिने पदर तोंडात कोंबला आणि उठून आत गेली. राऊत साहेबांनी चष्मा पुसला.

मंडळी गेल्यावर इंदूबाई बाहेर आली तेव्हा ती हसत नव्हती. ती म्हणाली, "तुमी बापाले सारखं ओठावर हात नेऊन आठवून राह्यले, ते मी पाह्यलं. मेल्यावर इतकं सुचते, तं जित्तेपणी जाऊन काहून सांगत नाही?"

अनंतरावांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी ठरवलं की आधी राऊत साहेबांना एकट्याला गाठून खरं सांगायचं, रजा टाकायची आणि मिळेल त्या गाडीने वडगाव गाठायचं. बाबांनी बैलाशी गप्पा मारल्या तर आपणही बैलालाच सगळं सांगायचं, पण त्यांच्यासमोर.

ते फाटकातून आत आले तर खरेदी सुरूच झाली नव्हती. काट्यासमोर सगळी रांग गोळा झाली होती, राऊत साहेब स्टुलावर उभे होते. अनंतराव म्हणाले, साहेब, मला एक बोलायचं आहे. राऊत साहेबांनी हात वर केला.

"काही बोलू नका गावंडे. आम्ही समजतो." आणि मग मोठ्याने, "आपल्या ग्रेडर साहेबांचे वडील कैलासवासी किसनराव गावंडे यांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेजारची सरकी काढायची जिनिंगची यंत्रं बंद होती. बैलही रवंथ करायचे थांबल्यासारखे वाटत होते. आणि त्या शांततेत हमरस्त्याकडून घुंगरांचा आवाज यायला लागला. तो जवळ आला, फाटकातून आत आला आणि थांबला. अनंतरावांनी मान न उचलताच ते घुंगरू ओळखले. लहानपणी त्यांनीच ते यवतमाळच्या बाजारातून निवडून घेतले होते.

गाडीवरून एक उंच म्हातारा उतरला. गर्दी मान खाली घालून उभी आहे असं पाहून त्याने कासरा जुवाला गुंडाळला, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि तोही मान खाली घालून उभा राहिला. मिशीची दोन्ही टोकं वर वळलेली होती. दोन मिनिटं पुरी होईपर्यंत तो हलला नाही. उलट सगळ्यांनी माना वर केल्या तरी तो आणखी जरा वेळ तसाच उभा होता.

मग किसनरावांनी टोपी घातली. "झालं का?" ते म्हणाले. "मंग गाडी कुठं लावू?"

राऊत साहेब स्टुलावरून उतरायचं विसरले. धर्मपाल तेवढा पुटपुटला, "काका, तुमी..."

"काल दिवस बुडता बाबूसिंग आला," किसनराव गाडीचं दावं सोडत सावकाश सांगू लागले. "मी बैलाले ढेप चारून राह्यलो होतो. हा आला अन् न बोलता ओट्यावर बसला. डोयात पानी. मले म्हने, काका, तुमी लय चांगले होते. होते, म्हने. मंग त्यानं सगळं सांगतलं. मी विचार केला. म्या म्हटलं होतं, माह्या जित्तेपणी ह्या फाटकात गाडी येनार नाही. आता लेकानं मिशी उतरवली, गावानं टोप्या काढल्या. शपथ सुटली. म्हून आलो." आणि ते लेकाकडे वळले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "अनंता, मिशी कायले काढली?"

अनंतराव जवळ गेले आणि हळू आवाजात सांगू लागले.

"असं नाही," किसनराव म्हणाले. "मोठ्यानं सांग. मागच्या साली माह्या कापसाचं सांगतलं होतं नं, तसं."

रांगेतला शेवटचा माणूसही पुढे सरकला होता. अनंतरावांनी डोक्याचा मफलर सोडला. लाल, गुळगुळीत, सुजलेले दोन कान सगळ्यांसमोर उघडे झाले. मग त्यांनी दर्जा सांगायच्या आवाजात सांगितलं, "कानावरचे केस काढाले पोरीची केस काढायची क्रीम लावली. हात न धुता मिशीले पीळ देल्ला. उजवी बाजू गेली. डावी मंग वस्तऱ्यानं काढली." आणि शेवटी थोडं खाली येऊन, "माही चूक झाली, बाबा."

रांग हसली, आणि ते हसणं पार हमरस्त्यापर्यंत ऐकू गेलं. राऊत साहेबांना स्टुलावरून धरून उतरवावं लागलं. तिसरा दर्जा मागणारी म्हातारी आपला दुसरा परत मागू लागली. किसनराव मात्र हसले नाहीत. त्यांनी गाडीवरची ताडपत्री बाजूला केली आणि म्हणाले, "हं. पाह्य."

हसणं थांबलं. सगळ्यांना मागचं साल आठवलं. अनंतरावांनी वरचा कापूस चिमटीत धरला, धागा ओढला. मग हात कोपरापर्यंत खाली घातला, तिथलाही काढला, दाबून पाहिला. हात सवयीने ओठावर गेला आणि परत आला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, मग दोन पावलं पुढे जाऊन वडिलांच्या कानाशी वाकले. तो कान म्हणजे नुसतं रान होतं. त्या रानात ते काहीतरी हळूच बोलले.

किसनरावांनी मान हलवली. मग त्यांनी लेकाची मान धरून त्याचा लाल कान आपल्या तोंडाशी आणला.

"बराबर हाये," ते कुजबुजले. "खालचा दंवात राह्यला. मागच्या सालीही बराबरच होतं. पन बापाचं हे असं सांगाचं असते."

दर्जा कोणता होता ते रांगेला कळलं नाही. अनंतरावांचे डोळे पुन्हा पाझरायला लागले, पण क्रीमचा परिणाम अजून उतरला नसेल असं सगळे धरून चालले.

संध्याकाळी अनंतरावांच्या अंगणात बैल सुटले. इंदूबाईने कढई उघड्यावर चढवली आणि धर्मपाललाही बोलावून घेतलं. आदल्या दिवशीचा वास त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. किसनरावांनी भजी खाल्ली, पाणी घेतलं, लेकाचे कान दोन्ही बाजूंनी न्याहाळले आणि इकडे तिकडे बघत विचारलं, "ते मलम उरलं का?"

मोनालीने ट्यूब आणली आणि पाठीमागची अक्षरं आजोबांनाही वाचून दाखवली. अनंतराव म्हणाले की लावून देतो, पण बाबा, आधी दोन्ही हात मांडीखाली घालून बसा, आणि मी सांगेपर्यंत काढू नका. किसनराव निमूटपणे हात मांडीखाली घालून बसले. लेकाने एवढ्या मायेने काही सांगितल्याला फार दिवस झाले होते.

अनंतरावांनी दोन्ही कानांना क्रीम लावली, काळजीपूर्वक, एक केस न सोडता. लावून झाल्यावर ते जरा मागे सरले आणि वडिलांच्या तोंडाकडे समाधानाने पाहिलं. दिवसभर कापसात काढलेला म्हातारा. त्याच्या मिशीच्या टोकाला पिंजेचा एक धागा चिकटलेला होता. अनंतरावांनी तो त्याच अंगठ्याने आणि तर्जनीने अलगद चिमटीत धरला, मिशीसकट जरासा ओढून पाहिला आणि सोडवून घेतला.

धागा चांगला लांब होता. पहिला दर्जा.